त्र्याहत्तरावा दगड

च्येन काकांनी अडतीस वर्षं यीलानजवळच्या एका रेल्वे फाटकावर नोकरी केली. गाडी आली की फाटक खाली, गाडी गेली की वर. या काळात ते स्वतः कुठेही गेले नाहीत. निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी बूट घेतले आणि डोंगर चढायला लागले. कारण कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

आमच्या तैवानात मोठ्या शिखरांची एक यादी आहे, बरोबर शंभरांची. निवृत्त माणूस एकदा तिच्या नादाला लागला की संपलं. माथ्यावर मोजणीचा दगड असतो, त्यावर तळहात टेकवला तरच शिखर झालं म्हणायचं. काका तळहात टेकवून लगेच वहीत वेळ लिहीत, मिनिटासकट. मी रिमुय, अतायाल या डोंगरी जमातीच्या गावातली. वीस वर्षं लोकांचं ओझं पाठीवर घेऊन त्यांच्या पुढे चालते आणि ते धापा टाकत पोचेपर्यंत भात शिजवून ठेवते. काकांची निम्मी शिखरं माझ्या हातचं खाऊन झाली आहेत.

वहीप्रमाणे नव्व्याण्णव झाली होती. शंभरावं म्हणून शुएशान राखून ठेवलं होतं. काकूंशी तसा करारच होता: शंभर म्हणजे शंभर, मग बूट भाच्याला द्यायचे आणि काओश्युंग शहरात लेकीकडे राहायला जायचं. नवव्या मजल्यावर. तिथे लिफ्ट आहे हे काकू भेटेल त्याला सांगत.

अडचण एवढीच होती की काकांची नव्व्याण्णव झाली नव्हती. अठ्ठ्याण्णवच झाली होती, आणि हे फक्त मला माहीत होतं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्र्याहत्तरावं शिखर, धुकं असं की स्वतःचे पाय दिसेनात, वरून पाऊस. सगळे कुडकुडत होते आणि मला तंबू ठोकायचा होता. गवतात जंगलाच्या हद्दीचा एक दगड लागला. मी काकांचा हात धरून त्यावर ठेवला आणि म्हटलं, हाच तो. खरा दगड आणखी वीस मिनिटं वर होता. काकांनी छत्रीखाली वेळ लिहिली. मला त्या रात्री छान झोप लागली, लाज नंतर वाटायला लागली.

शुएशानला पहिल्या दिवशी आम्ही निवाऱ्यावर मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी बाकीचे अंधारातच गेले, काका मात्र उजाडल्यावर निघाले. परतणारा प्रत्येक जण आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे “आलंच, आलंच” म्हणत होता. काका दर वेळी घड्याळ बघून “अजून दोन तास” असं त्यालाच सांगत होते. त्यामुळे दोघेतिघे नाराज झाले.

काळ्या झाडांचं अरण्य संपलं की बर्फाने कोरलेली वाटीसारखी मोठी दरी लागते. बर्फ कधीच गेला. खाली राहिलेल्या दगडांवर त्याचे ओरखडे आहेत. काका एकेका दगडापाशी थांबू लागले. बोट फिरवायचं, चष्मा पुसायचा, पुढचा दगड. माझ्या पाठीवरच्या ओझ्यात माथ्यावर फडकवायचं त्यांचं लाल कापड होतं, ‘शंभर शिखरं पूर्ण’ असं छापलेलं. मी म्हटलं, ढग यायच्या आत माथा गाठू.

“घाई कसली? बर्फालाही इथून निघायला हजारो वर्षं लागली.” मग त्यांनी विचारलं, “नवव्या मजल्यावरून काय दिसतं, रिमुय?”

“समुद्र दिसत असेल.”

“समोरची इमारत दिसते. मी बघून आलोय.” ते दगडावर बसले. “मला भीती वाटते.” गाडी वीस मिनिटं उशिरा आहे, हे सांगावं तशा आवाजात ते म्हणाले.

मला राहवलं नाही. पाठीवरचं ओझं उतरवलं आणि त्र्याहत्तराव्या दगडाची सगळी हकीकत सांगून टाकली.

काकांचा चेहरा लाल झाला होता. मग वही उघडून माझ्यापुढे धरली. फाटकावरच्या नोंदवहीत चूक खोडत नसत म्हणे. ज्याने केली त्याने तिच्यावर एकच रेघ मारायची, खरं काय ते लिहायचं आणि सही करायची. मी रेघ मारली. ‘दगड चुकीचा. शिखर झालेलं नाही. रिमुय.’

“आठ वर्षं मी लोकांना खोटं सांगत होतो,” ते म्हणाले. वही खिशात टाकून ते उठले. आता कुठल्याही दगडापाशी थांबत नव्हते, आणि मला त्यांच्या मागे धापा टाकत जावं लागलं. माथ्यावर तळहात टेकवला, नऊ वाजून चार मिनिटं, एकूण नव्व्याण्णव. लाल कापड माझ्या ओझ्यातच राहिलं.

खाली वाहनतळावर काकू नव्या मऊ चपला घेऊन उभ्या होत्या. काकांनी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझी सही दोनदा वाचली.

“ही तूच केलीस?”

“हो काकू. चूक माझीच.”

“त्या शिखराला जायला किती दिवस लागतात?”

“जाऊन येऊन चार.”

काकूंनी काकांना गाडीच्या पायरीवर बसवलं, त्यांचा एक बूट काढला, उलटा केला आणि अंगठ्याने तळ दाबून पाहिला. काका श्वास रोखून त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते.

“शंभर ठरलं होतं, तर शंभर,” काकू म्हणाल्या. “चार दिवस टिकेल हा.” मग माझ्याकडे वळल्या. “पण या वेळी दगड मी बघणार. तुमच्या दोघांवरही माझा भरवसा नाही. माझ्या मापाचे बूट कुठे मिळतात?”

काकूंनी आजवर या वाहनतळाच्या वर पाऊल टाकलेलं नव्हतं. मी दुकान सांगितलं आणि चपलांची पिशवी उचलून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली.