सड्यावरून मोजलेले ससाणे

सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. कुणकेश्वरजवळच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. घाटावरचा माणूस, समुद्राचं भयच वाटायचं. त्या दिवाळीत मला विषमज्वराने धरलं. ताप उतरला, पण अंगात त्राण उरलं नाही. जामसंड्याहून आलेल्या डॉक्टरांनी महिनाभर शाळेत जायला मना केलं आणि म्हणाले, "सकाळी सड्यावर मोकळ्या हवेत बसत जा."

सडा म्हणजे गावावरचं उघडं कातळपठार. त्याच्या टोकाला, जिथून खाली थेट समुद्र दिसे, तिथे शेजारची मासेवाली बांगडे सुकत घाली. पन्नाशीची बाई, सगळे तिला काकी म्हणत. घारी हाकलायला काठी घेऊन बसलेली असे. पहिल्याच दिवशी तिने उकड्या तांदळाच्या पेजेचं भांडं माझ्यापुढे ठेवलं.

"खावा मास्तरानू. नायतर वाऱ्यान उडशात."

वेळ जावा म्हणून मी घारी मोजू लागलो. दिसेल त्याला घार म्हणायचो.

"ती घार न्हय," काकी म्हणाली. "शेपटी बघा, पाचरीसारखी आसा. तो काकण." काकण म्हणजे समुद्री गरुड.

अशी मी एकेक शिकारी पक्षी ओळखायला शिकलो. वही केली.

डिसेंबरात एका सकाळी डोंगराकडून ससाणे आले. कबुतराएवढे, लाल पायांचे, थवेच्या थवे. डोक्यावर घिरट्या घालून उंच चढत आणि मग सरळ समुद्रावर सुटत. मी तीनशेच्या वर मोजले. काकी विसांनी मोजत होती. म्हणाली, "अकरा विसा." म्हणजे दोनशे वीस.

मी हसलो. हिला पुढचं मोजता येत नसेल, असं वाटलं. ती रागावली नाही.

"फिरतत तेंका मोजू नकात. एकच तीनदा गावता. समुद्रावर गेले, मगे मोजा."

दुसऱ्या दिवशी तसं केलं. माझे एकशे चाळीस झाले, तिचे सात विसा. मी तिची माफी मागितली.

जानेवारीत शाळेत रुजू झालो. घाटावर बदली मिळावी म्हणून लिहून ठेवलेला अर्ज फाडून टाकला. पुढे दर हिवाळ्यात सुट्टीच्या सकाळी आम्ही दोघं मोजत असू. मुंबईच्या एका पक्षीअभ्यासकांना मी आकडे पाठवले. त्यांचा प्रश्न आला: एकच पक्षी दोनदा मोजला जात नाही कशावरून? मी काकीची रीत लिहून कळवली. उत्तर आलं, "रीत अचूक आहे. ज्यांनी शिकवली त्यांना माझा नमस्कार सांगा."

सड्यावर जाऊन ते तिला वाचून दाखवलं. बांगडे पालथे करता करता तिचे हात थांबले.

"म्हंजे माका कागद इलो?"

"हो काकी, तुम्हालाच."

तिने लुगड्याला हात पुसले, पत्र घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. त्या दिवशी बाजारात मासे विकायला ती ते पत्र घेऊनच गेली.