सात कवड्यांचा लेक

हाडी जातीची खांतमणी सातकडी रायला विकायला तयार नाही, ही बातमी कुसुमडांग्याच्या बाजारात पोचली तेव्हा मासे कापणाऱ्या बायकांचे हात विळीवरच थांबले. मी बाजारात नव्हते. राजबाडीत, म्हणजे जमीनदारांच्या वाड्यात, खांतमणीच्या शेजारीच उभी होते, आ वासून.

आधी हे विकणं काय भानगड आहे ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल, ही म्हातारी माणसांचा व्यापार करते.

राजबाडीच्या थोरल्या सुनेची तीन बाळं बाळंतिणीच्या खोलीतच गेली होती. चौथ्या खेपेला सुईण म्हणून खांतमणीची सासू होती आणि हाताखाली नवी नवरी खांतमणी. मुलगा झाला. असं घर असलं की आमच्याकडे पोर जन्मल्या जन्मल्या सुइणीला विकतात. यम दारात आला तर त्याला सांगायचं, हे राजाचं नाही बाबा, हाडणीचं आहे. हाडणीचं पोर कोण उचलून नेतंय! ब्राह्मणांची अक्कल बघा, आमचं हलकेपण त्यांना असल्या कामाला बरोब्बर आठवतं. सासू विधवा, तिनं घेऊन चालत नव्हतं. मग खांतमणी धावत घरी गेली, गाईच्या गळ्यातली माळ तोडली आणि त्यातल्या सात कवड्या सुनेच्या पदरात टाकल्या. आमच्याकडे कवडीला कडी म्हणतात, म्हणून पोराचं नाव पडलं सातकडी. पोर जगलं.

मुंजीच्या आधी घरच्यांनी त्याच कवड्या देऊन पोर परत घ्यायचं असतं. पण मध्येच जमीनदारी बुडाली, सगळे कोलकात्याला गेले, पोराची आई वारली आणि मुंज कालीघाटावर घाईघाईत उरकली. कवड्यांची आठवण कोणाला राहणार? खांतमणीला होती. पण हाडणीला पुढच्या दारात उभं कोण करणार?

अर्धं कुसुमडांगा तिच्या हातावर जन्माला आलं. मीही. पुढे सरकारी दवाखाना आला आणि सुइणीचं काम संपलं. मग ती लोकांच्या पोरांना तेल लावून पोट भरायची. बाजारातली टवाळ पोरं हाक मारायची, "ए सातकडीच्या मालकिणी!" ती थांबायची, कमरेवर हात ठेवायची. "आहेच मालकीण. तुझं काय आहे रे स्वतःचं? तो शर्टसुद्धा भावाचा."

मी आया नि मोलकरणींची संघटना चालवते. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं रस्त्यावर शिकले. माझ्या भाषणांत मी तिचं उदाहरण द्यायचे, बघा कसं राबवून घेतलं. तिला ते आवडायचं नाही. "राबवलं ते राबवलं," म्हणायची, "पण पोर मी घेतलं, ते सांग की."

साठी ओलांडल्यावर सातकडी राय परत आला. पडक्या राजबाडीला चुना लावला, खांब उभे केले, रंगीत काचा बसवल्या आणि तिचं हॉटेल केलं. शहरातली कुटुंबं तिथं एक रात्र राजासारखं झोपायला येऊ लागली. मग त्यानं बंद पडलेली दुर्गापूजा पुन्हा सुरू करायचं ठरवलं. त्याच्या पिशीमानं, म्हणजे सख्ख्या आत्यानं, कोलकात्याहून येऊन पाचर मारली. "संकल्पाला यजमान म्हणून कोण बसणार? सातकडी? तो आपला आहे कुठे? तो अजून त्या खांतमणीचा आहे!"

म्हणून निरोप आला. दायमानं, म्हणजे सुईण-आईनं, घरच्यांना घेऊन एक रात्र पाहुणी म्हणून राहावं, सकाळी कवड्या घ्याव्यात आणि मुलगा परत द्यावा.

खांतमणीच्या अंगणात गोंधळ उडाला. तिचा मुलगा बिशू टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा, चालवतो, तो गाडी धुवायलाच बसला. सून अलोका म्हणाली, "न्हाणीघर आपल्या घराएवढं असतं म्हणे." नात झुंपा नाचत होती. म्हातारी मला म्हणाली, "शेफाली, तू पण चल. तू माझ्याच घरची."

मी तिला कोपऱ्यात घेतलं. "मावशी, फुकट द्यायचं नाही हं. ही तुमची झोपडी त्यांच्याच तळ्याकाठी आहे. जागा नावावर करून माग. अशी वेळ पुन्हा यायची नाही."

"बघू," म्हणाली.

राजबाडीच्या सिंहदरवाजात पहारेकऱ्यानं टोटो अडवला. "कामाच्या बाया मागच्या दारानं."

मला काही बोलायची संधीच मिळाली नाही. खांतमणी उतरून मागच्या दाराकडे चालूसुद्धा लागली होती! तिचे पायच तसे वळले. माझं डोकं फिरलं. "ए मिशीवाल्या, आम्ही पाहुणे आहोत. तुझ्या साहेबाची मालकीण आहे ही, मालकीण!" तो हसला. मी आणखी चार शब्द ऐकवणार तेवढ्यात सातकडीबाबू स्वतः बाहेर आले. गोरे, टक्कल पडलेले, चुरगळलेल्या पंजाबी कुडत्यात. "दायमा, इकडून ये," म्हणाले आणि तिचा हात धरून पुढच्या दारानं आत घेऊन गेले. मला ते नाटक वाटलं. फोटोवाला होताच बाजूला.

खोल्या दाखवायला एक मुलगी होती, कोलकात्याची, फार शिकलेली, फार गोड. प्रत्येक दारावर जुनं नाव रंगवलेलं. आमच्या दाराशी येऊन ती म्हणाली, "ही आमची सगळ्यात लाडकी खोली! जुन्या नकाशात नाव सापडलं. नवी जोडपी हीच मागतात."

मी वाचलं: आँतुडघर.

बाळंतिणीची खोली. गोठ्याला लागून असलेली, एक खिडकी, तीही बंद. जिथं बाळंतिणीला विटाळ म्हणून टाकून ठेवायचे. त्या पोरीला कोणी सांगितलंच नव्हतं! तिला ते नाव नुसतं गोड वाटलं होतं. आत पांढरा मऊ पलंग, त्यावर गुलाबाच्या पाकळ्या, कोपऱ्यात पितळी दिवा.

खांतमणी उंबऱ्यावर थबकली. "तिघं इथंच गेले," ती म्हणाली. "शेगडी होती तिथं दिवा ठेवलाय."

गोड मुलीचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

"मी बाहेर पडले की माझ्या मागून शेणाचं पाणी शिंपत यायचे," खांतमणी पुढं म्हणाली, रागानं नाही, पावसाबद्दल बोलावं तसं. "पार मागच्या दारापर्यंत."

"मावशी, चल इथून," मी म्हटलं. "मी नाही राहायची इथं."

"का? आलोय तर झोपू की." तिनं पाकळ्या हातानं झाडून टाकल्या, पलंग दाबून पाहिला. झुंपा तर उडी मारून चढलीच होती. अलोका बिचारी जमिनीवर टेकली, तिला पलंगावर बसायचा धीर होईना.

संध्याकाळी जेवायला काशाच्या ताटांत लुची, मटण, खीर. पिशीमा वेगळ्या दालनात जेवल्या, ते सांगायला नकोच. सातकडीबाबू मात्र आमच्याच पंगतीला बसले. खांतमणी त्यांना बघत बघत जेवत होती. मध्येच म्हणाली, "डाव्या कानामागं गाठ होती तुझ्या. गेली?"

एवढा मोठा माणूस, हॉटेलचा मालक, मान वाकवून बसला. तिनं उष्टा हात दूर धरला आणि डाव्या हातानं कानामागं चाचपून बघितलं. "आहे. लहान झालीय."

त्या रात्री ती पलंगाच्या बरोब्बर मध्यभागी झोपली. आम्ही तिघी कडेकडेनं. बिशूला कोच मिळाला.

सकाळी ठाकूरदालानात सगळे जमले. देवीच्या मूर्तीचे डोळे रंगवायचे बाकी होते, अंगणात शिउलीची फुलं पडली होती. पिशीमा चांदीच्या तबकात सात कवड्या आणि लाल काठाची साडी घेऊन उभ्या, पण लांब, पार खांबापाशी. तबक कालच्या त्या गोड मुलीनं पुढं आणलं.

"घे गं खांतमणी," पिशीमा तिथूनच म्हणाल्या. "आणि म्हण, तुमचं तुम्हाला दिलं."

खांतमणीनं कवड्या बघितल्या. एक उचलली, उलटी केली, परत ठेवली.

"नाही देत."

"काय?"

"नाही विकायचा मला."

पहिल्यांदा सातकडीबाबू हसले. मग कोणीच हसत नाही हे त्यांना दिसलं. "दायमा, थट्टा पुरे."

"थट्टा कसली? गाईची माळ तोडून घेतलाय तुला. सासूनं मार दिला होता मला त्या माळेपायी."

मला वाटलं, शाब्बास, अडवून धरलंस! मी तिच्या कानाशी लागले. "माग. आता जागा माग."

पिशीमांनी ते पाहिलं. "दिसतंय कोणी पढवलंय ते. हिला जास्त पाहिजे."

"हिनं मला जागा मागायला सांगितलीय," खांतमणीनं सरळ माझ्याकडे बोट केलं. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. "जागा नको मला. साडीपण नको."

"मग पाहिजे तरी काय?" पिशीमांचा आवाज चिरकला.

"काही नको. अख्ख्या जन्मात मी एकच वस्तू विकत घेतली. बाकी सगळं मागून आणलेलं, नाहीतर कोणीतरी टाकलेलं. ती एक कशाला विकू?"

मी आयुष्यभर लोकांना मागायला शिकवलं. ताठ मानेनं मागा, घोषणा देऊन मागा. न मागणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते, आणि त्याच्यापुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

सातकडीबाबूंचा चेहरा लाल झाला होता. हळूच म्हणाले, "मग पूजेला कोण बसणार, दायमा? भटजी गोत्र विचारतील."

"तूच बस. माझा म्हणून बस. काश्यप सांग. ज्याला ठाऊक नसतं त्याला भटजी काश्यप देतात, आम्हालाही तेच दिलंय."

पिशीमांनी कानांवर हात ठेवले. सातकडीबाबू वळले आणि आत निघून गेले. नाश्ता आलाच नाही. आम्ही पुढच्या दारानं बाहेर पडलो. पहारेकऱ्यानं या वेळी दोन्ही कवाडं उघडली, का कोण जाणे.

पूजेला सातकडीबाबूंचा पुतण्या बसला. शांडिल्य गोत्र, खणखणीत आवाजात. सातकडी राय खांबाला टेकून उभा होता, मी डोळ्यांनी पाहिलं. मी बाजारभर बोंब मारली, भित्रा म्हटलं, नुसतं मटण वाढता येतं म्हटलं. हॉटेलावर मोर्चा न्यायचं ठरवत होते. खांतमणीनं मला बोलावून घेतलं. "माझा पोरगा आहे तो. शिव्या द्यायच्या तर मी देईन. तू कोण?"

पौषात ती गेली. तेल लावून आली, दारात बसली, आणि तशीच.

स्मशानात बिशू नवं कोरं पांढरं वस्त्र गुंडाळून, अनवाणी, जसं मुलानं असायचं तसा उभा. आणि नदीकडच्या वाटेनं आणखी एक जण तसाच आला. बिनशिवलेलं पांढरं वस्त्र, पायात काही नाही, थंडीनं काकडत. आम्ही ओळखलंच नाही आधी. बिशूनं अग्नी दिल्यावर सातकडी रायनं दुसरी काडी लावली. कोणी त्याला अडवलं नाही. भटजींनीसुद्धा.

मग रोज दुपारी तो राजबाडीच्या मागच्या दारानं यायचा, तळ्याच्या कडेनं, आणि बिशूशेजारी जमिनीवर बसून सुतकाचा मिठाविना शिजवलेला भात केळीच्या पानावर खायचा. अलोकाच्या हातचा. हॉटेलातले पाहुणे गच्चीवरून फोटो काढायचे.

मी म्हटलं, "ब्राह्मणाचं सुतक दहा दिवसांचं असतं, आपलं महिन्याचं. दहा दिवस कोणीही नाटक करेल. अकराव्या दिवशी शिवलेले कपडे घालून गल्ल्यावर बसेल, लावा पैज."

अकराव्या दिवशी मी मुद्दाम अलोकाच्या ओट्यावर जाऊन बसले. तिनंही एकच पान मांडलं होतं, बिशूचं. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू म्हणतेस तसंच होणार, दीदी."

राजबाडीचं मागचं दार कुरकुरलं.

तोच. दाढी वाढलेली, वस्त्र मळून राखाडी झालेलं, टाचा फुटलेल्या. येऊन बिशूच्या शेजारी बसला, जिथं पान नव्हतं तिथं.

"बौमा," तो अलोकाला म्हणाला. धाकट्या भावाच्या बायकोला म्हणतात तसं. इतके दिवस तो तिला काहीच म्हणत नव्हता. "भात कमी असेल तर अर्धाच वाढ."

अलोका केळीचं दुसरं पान कापायला उठली, आणि उठता उठता, थोरल्या दिरासमोर ओढतात तसा, तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.