विष्णूनं कोरलेलं आईचं सूप

जबलपुरात दगड कोरणारे पुष्कळ आहेत, पण माझ्या धाकट्या भावासारखा एक दाखवा. विष्णू त्याचं नाव. मी दहावी नापास, तीस वर्षं कारखान्यात काढली, कला-बिला मला समजत नाही. पण भाऊ माझा आहे, आणि हे मी चेरीतालपासून राइट टाउनपर्यंत सगळ्यांना सांगत आलो.

सुरुवातीला तो भेडाघाटच्या मऊ दगडाचे मासे, मगरी, बगळे कोरायचा. बगळा असा, की आत्ता पाण्यात चोच मारेल. मग चित्रकला शिकवणाऱ्या यामिनीताईंकडं तो छपाई शिकला. सपाट दगड कोरायचा, त्याच्यावर रोलरनं काळी शाई फिरवायची, पातळ कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीनं घासत राहायचं. कोरलं तिथं पांढरं, सोडलं तिथं काळं. मी कितीदा बघितलं, तरी मला दगडच खरी वस्तू वाटायची. कागद काय, भिजला की गेला.

पस्तीस वर्षांची धूळ त्याच्या छातीत बसली. डॉक्टरांनी दगड बंद करायला सांगितलं. विष्णू म्हणाला, एक राहिलाय, तेवढा करतो. आमची आई दीक्षितपुऱ्यातल्या घराच्या दारात बसून तांदूळ पाखडायची. तिचा तसा फोटो कुठंच नाही. ते त्याला कागदावर उतरवायचं होतं. तोंडाला फडकं बांधून, दहा मिनिटं कोरून अर्धा तास पडून, असे चार महिने गेले. सुपातला दाणा न् दाणा वेगळा कोरला. आईच्या गालावरच्या सुरकुत्या तर केसाएवढ्या बारीक.

शाई लावायच्या आधीच त्याचा दम वाढला आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. त्याच आठवड्यात आमच्या मराठी मंडळाचं कलाप्रदर्शन होतं. मी कोणाला न विचारता दगड उचलून नेला. मंडळाचा योगेंद्र सगळ्यांसमोर हसला. म्हणाला, "भाऊराव, मसाला वाटायचा पाटा काहून आणला?"

मला झोंबलं. दगड मातकट दिसून राहिला होता, हे खरं. मी ऑटो करून थेट भेडाघाटला गेलो. पॉलिशवाल्यानं मशीन फिरवली, मग रेगमाल, म्हणजे खरखरीत पॉलिश कागद घासला, मग मेण. आरशासारखा चमकला. तसाच परत नेऊन प्रदर्शनात ठेवला. पुसट पुसट का होईना, आई दिसत होती. खाली मोठ्या अक्षरात विष्णूचं नाव लावलं. लोक हात फिरवून बघत होते, आणि मी बाजूला छाती काढून उभा होतो.

चौथ्या दिवशी विष्णू दवाखान्यातून घरी आला. दगड मी घरी आणून झाकून ठेवला होता, त्याच्यावरचा कपडा मीच काढला. त्यानं दगडावर हात फिरवला. अंगठा सुपापाशी आला आणि तिथंच थांबला.

"काहून रे, आवडलं नाही?"

"दादा, दाणे कुठं गेले?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बारीक कोरीव सगळं मशीननं खाऊन टाकलं होतं. दाणे नाहीत, सुरकुत्या नाहीत, डोळे नाहीत. मी म्हणालो, तू नुसतं सांग, छिन्नी मी चालवतो. तो हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला.

"तू फोरमनचं ऐकलं नाहीस कधी, माझं काय ऐकशील."

यापेक्षा जास्त तो मला बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी त्यानं शाई मागितली. त्याची बायको मीरा नको म्हणाली, तरी त्यानं ऐकलं नाही. उशांना टेकून बसला. दगड मीरानं धरला, शाई मी फिरवली. तो चमच्यानं घासायचा, थांबायचा, श्वास घ्यायचा, परत घासायचा. कागद उचलला तर सगळा काळा. डोक्यावरच्या पदराची एक रेघ, सुपाची कड आणि एका हाताची बोटं, एवढंच पांढरं. मी म्हणालो, फेकून दे रे.

त्यानं कागद उजेडाकडं धरून नीट बघितला. "छाप चांगली उठलीय. शाई कुठं कमी नाही," म्हणाला. पेन्सिल मागितली आणि खाली नाव घातलं. त्यानंतर तो महिनाभरच होता.

तो कागद मी फ्रेम करून समोरच्या खोलीत लावलाय. येणारा विचारतो, भैया, हे काळं काय आहे? मी सांगतो, आमची आई आहे, तांदूळ पाखडून राहिली आहे, माझ्या भावानं केली आणि मी पुसली. त्यांना दिसत नाही, मग बोट ठेवून दाखवतो, हा हात, हे सूप, इथं तोंड. तोंड कसं होतं, ते मात्र मला दाखवता येत नाही.