पेटीच्या तळातला गोल

धोंडुबाईंचा विश्वास कुणावरच नव्हता. दूधवाल्याच्या दुधाचा थेंब त्या नखावर घेऊन बघत, भाजीवालीच्या तराजूखाली हात फिरवत, आणि टीव्हीने पाऊस सांगितला की गच्चीवर जाऊन आभाळ तपासत. शिवाजी पेठेत त्यांना मागं ‘सीआयडी’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. कोण कोण म्हणतं, तेही ठाऊक होतं.

अशा बाईने आयुष्यात एकच गोष्ट न तपासता घेतली होती, ती म्हणजे नवऱ्याचा गोल.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी माहेरी, उचगावात, त्यांचा साखरपुडा होता. पाहुणे आले, भटजी आले, जेवणं झाली, पण नवरदेव आण्णांचा पत्ता नाही. चार तास गेले. वडील खाली मान घालून बसले. मामांनी त्या दिवसाचा पेपर मोठ्यानं वाचून लोकांना कसंबसं धरून ठेवलं. दिवस कलता कलता आण्णा सायकलवरून उतरले. पायजमा चिखलानं माखलेला आणि बत्तीसच्या बत्तीस दात बाहेर.

“फायनल हुती, मामा. शेवटच्या मिनिटाला गोल मारला. पोरं सोडंनातच की!”

आण्णा ज्या तालमीकडून फुटबॉल खेळत, तिथले दोस्त खाकरले. आत्या म्हणाली, “चिखलाला शेणाचा वास येतोय गं.” पण वडील कुस्तीचे शौकीन. खेळ कुठला का असेना, जिंकलेला जावई म्हटल्यावर त्यांची छाती फुगली. पेढे वाटले, फोटो काढला. तो फोटो अजून घराच्या पुढच्या सोप्यात लटकलेला आहे. त्यातही आण्णांचे दात मिटलेले नाहीत. गोलाचा आनंद, दुसरं काय! त्या गोलासाठी धोंडुबाईंनी चार तासांचा अपमान माफ केला.

परवा तालमीचा सेक्रेटरी अमरसिंह आला. जुन्या खेळाडूंचा सत्कार होता, चौकात मोठं डिजिटल बॅनर लागणार होतं.

“काकी, आण्णांच्या त्या गोलाचं कात्रण द्या. फोटोखाली छापतो.”

आण्णांनी चहाचा कप तोंडापाशीच धरला. “वाळवीनं खाल्लं रं ते.”

“कुठल्या वाळवीनं?” धोंडुबाई म्हणाल्या. “ह्या घरात मी वाळवी येऊ दिलीया कधी?”

आण्णा चप्पल घालून बाहेर पडले. पायात एक स्वतःची, एक मुलाची. धोंडुबाईंना तेवढं पुरे होतं.

लग्नाची पत्र्याची पेटी पलंगाखाली होती. तिच्या तळाला आईने साखरपुड्याच्या रात्रीच खळीनं पेपर चिकटवला होता, मामांनी वाचून वाचून मऊ केलेला, तोच. वर दर दिवाळीला नवा पेपर पडे, पण तळाला कुणी हात लावला नव्हता. धोंडुबाईंनी साड्या उपसल्या, चष्मा लावला आणि सून पूर्णिमाला बॅटरी धरायला बसवलं.

“‘शहराच्या हद्दवाढीचा निर्णय लवकरच,’” पूर्णिमानं वाचलं. “आई, हा पेपर कालचाच हाय काय?”

“पुढं वाच.”

“‘शहरातील रस्ते पावसाळ्यापूर्वी खड्डेमुक्त होणार.’” पूर्णिमा हसायला लागली. “‘म्हैस हॉटेलात घुसली, मिसळीचे पातेले रिकामे, मालकाची तक्रार.’”

“ही एकच बातमी खरी दिसतीया. खाली बारीक काय हाय ते बघ.”

खाली ‘आज शहरात’ असं सदर होतं. एक कीर्तन, एक व्याख्यान आणि शेवटी दोन ओळी: मैदान ओले असल्याने आज होणारा फुटबॉलचा अंतिम सामना पुढील रविवारी होईल.

पूर्णिमाचं हसू थांबलं. मामांनी मोठे मथळे तेवढे वाचले होते. बारीक अक्षर वाचतो कोण?

सामनाच झाला नाही, मग गोल कुठला? आणि गोल नाही, तर चार तास हा माणूस होता कुठं? का कुणापाशी होता? पंचाहत्तरीच्या माणसावर असा संशय घेऊ नये, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. धोंडुबाई उंबऱ्यात जाऊन बसल्या.

आण्णा आले. धोंडुबाईंनी विचारलं, “कोण हुती ती?”

“कोण कोण?”

“त्या दिवशी मॅच न्हवती. पेपरात हाय. कुणाकडं गेलता?”

आण्णा पायरीवर टेकले. दोन्ही वेगवेगळ्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

“उचगावातच हुतो. तुमच्या गोठ्यात.”

“काय?”

“लोक म्हणाले, ती माणसं थोरली दाखवत्यात आन धाकटी गळ्यात मारत्यात. म्हटलं, आधी खात्री करावी. मागनं शिरलो. मग माणसं हिकडं तिकडं फिराय लागली, बाहेर निघता येईना.”

धोंडुबाईंचं तोंड उघडंच राहिलं. संशय घ्यायचा मक्ता आपल्याच घरात आपल्याकडेच आहे, असं त्या इतकी वर्षं समजत होत्या.

“खोटं बोलताय. गोठ्यात हुता तर सांगा, मी काय केलं तितं?”

“तू म्हशीला वैरण टाकाय आलीस. रडत हुतीस. म्हणालीस, ‘तुझं बरं हाय चंद्रे, दात बघून तरी घेत्यात. मला त्याला दात हायत का न्हाय त्ये बी कुणी सांगितलं न्हाय.’”

हे वाक्य त्या म्हशीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आईलासुद्धा नाही.

“म्हणून मी आत येताना...” आण्णांनी ओठ फाकवून दाखवले. आता कवळी होती.

धोंडुबाई उठल्या, सोप्यात गेल्या, फोटो खाली उतरवला आणि पदरानं काच पुसली. मग अमरसिंहला फोन लावला.

“गोल-बिल कायबी छापू नगंस. मॅचच झाली न्हवती. पूर्णिमा आणून देती ह्यो साखरपुड्याचा फोटो, त्योच लाव. आन दात कापू नगंस, पुरते आले पायजेत.”

फोन ठेवून त्या आण्णांकडे वळल्या.

“आन धाकटी गळ्यात मारत्यात, ह्ये कोण सांगितलं तुमाला? नाव सांगा.”