मामाला परत आणणारा कॅप्टन

सिऊने कौपा आमच्या लहानशा विमान कंपनीत नव्या वैमानिकांना शिकवायचा. मी तिथं रेडिओवर होते. पापुआच्या डोंगरांतल्या आमच्या धावपट्ट्या चढाच्या, समोर कडा. एकदा उतरायला लागलं की माघार नाही. म्हणून सिऊनेचा एकच हट्ट होता: खिंडीपलीकडची दरी दिसली नाही तर अलीकडूनच वळायचं, आणि तसं मोठ्यानं बोलायचं. मनातल्या मनात ठरवलेलं माणूस मनातल्या मनातच फिरवतो, असं तो म्हणे. खरंच होतं ते.

समुद्रकाठची लाकानी त्याची शिष्या. तिच्या परीक्षेच्या उड्डाणाला नेमकी शवपेटी आली, तीही सिऊनेच्या सख्ख्या मामाची. गावात मयताच्या जेवणासाठी डुकरं कापून झालेली, सगळं कुळ वाट बघत बसलेलं. विमानात मागं भाऊबंद. पुढचं मला लाकानीनंच सांगितलं.

खिंडीत ढग बसला होता. मागून भाऊबंदांचा ओरडा सुरू झाला.

"भाच्या, घाल की आत! ती बघ डावीकडं फट!"

"तो काय घालतोय! विमान पोरीच्या हातात देऊन बसलाय. घरीही असंच चालतं त्याचं!"

सिऊनेनं मान वळवली नाही. "लाकानी, काय दिसतंय?"

"ढग."

"मग?"

"परत फिरतेय!" ती जवळजवळ किंचाळलीच.

तेव्हा तो मागं बघून म्हणाला, "मामाला आता घाई नाही. तुम्हाला कुठं जायचंय मरायला?"

लाकानी पास झाली. ढग मात्र दोन दिवस हलला नाही, आणि आमच्या शवागारात वीज नव्हती. मामा गावी पोचला तेव्हा पेटीजवळ कुणाला उभं राहवेना. कुळानं निरोप धाडला: सिऊनेला हटवा, नाहीतर धावपट्टीवर आडवा चर खणतो. कंपनी वाहून आणायची ती सगळी कॉफी त्याच धावपट्टीवरून यायची.

मालक डेस प्रुइट ऑस्ट्रेलियन. खुर्चीमागं सुरक्षिततेचं भलंमोठं पोस्टर.

"तू चुकला नाहीस, सिऊने."

"मग काढतोस कशाला?"

"काढतोय कुठं? गोदाम बघ थोडे दिवस. लोकांच्या भावना असतात रे."

सिऊने पोती मोजू लागला. नव्या प्रशिक्षकाचा प्रश्न एकच असे: पोचलात ना?

महिन्याभरात लाकानी तशाच ढगातून त्याच गावी जाऊन आली. गावकऱ्यांनी तिला डुकराची अख्खी तंगडी दिली, डेसनं पाठ थोपटली. ती तंगडी घेऊन गोदामात आली.

"कॅप्टन, अर्धी तुमची."

"दरी दिसली होती?"

"दिसली. आत गेल्यावर."

"लाकानी!"

"माझ्या पगारावर घरातली सहा माणसं जेवतात, कॅप्टन. मला पोती मोजायची नाहीत."

त्यानं मांस घेतलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. हा धडा तिला सिऊनेनं नव्हे, त्याला गोदामात धाडणाऱ्यांनी शिकवला, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं.