वाळूतल्या चाकोरीचा फोटो

"हाच फोटो. फायनल," पुण्याच्या क्लायंट मॅडम फोनवर म्हणाल्या. मलाही तोच आवडला होता, त्यामुळे वादाचा प्रश्नच नव्हता. वाद दुपारी सुरू झाला.

काम वेबसाइटचं होतं. जैसलमेरच्या पुढे वाळवंटात जाणाऱ्या एका आडबाजूच्या रस्त्याचं ट्रॅव्हल गाइड. स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी पाणी कुठे भरायचं, पेट्रोल कुठे मिळतं, असं सगळं. पानाच्या डोक्यावर जो आडवा, लांबलचक फोटो असतो, त्याला बॅनर म्हणतात. वाचक आधी तो बघतो आणि मजकूर जमलं तर वाचतो. बॅनर निवडणं माझं काम. हे पान पसंत पडलं तर आणखी अकरा रस्त्यांचं काम मिळणार होतं. नाही तर अकोल्यातलं माझं एका टेबलाचं ऑफिस बंद करून पुण्यात नोकरी शोधायची, असं घरी ठरलं होतं. मला पुण्याला जायचं नव्हतं.

फोटोत कलत्या उन्हातली सोनेरी वाळू होती. उजवीकडे डांबरी रस्ता, आणि तो सोडून टेकडीकडे वळत गेलेल्या चाकांच्या दोन खुणा. आम्ही डिझाइनवाले याला लीडिंग लाइन म्हणतो, म्हणजे नजरेला बोट धरून आत नेणारी रेघ. तीन दिवस मी त्या रेघेवर खूश होते.

दुपारी युसूफचाचा आले. चाचा तेल्हाऱ्याचे, ट्रक ड्रायव्हर. आधी कापसाच्या गाठी वाहायचे. पुढे आमच्याकडचे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचे कारखाने, एकेक करून बंद पडत गेले, तसे ते राजस्थानच्या लांब फेऱ्या करू लागले. खालच्या दुकानात झेरॉक्स काढायला आले की वर माझ्याकडे पाणी प्यायला चढायचे. मी मोठ्या ऐटीत मॉनिटर त्यांच्याकडे वळवला.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक स्क्रीनला लावलं.

"हा फोटो काहून घेतला बेटा?"

"चांगला दिसते म्हणून. अन् वाट बी दिसून राहिली."

"वाट तं उजवीकडं हाये. हे चाकोरी हाये."

"गाडी गेली म्हणजे वाट असनच ना, चाचा?"

चाचा हसले. "हे झालं आपल्या काळ्या मातीचं. पावसाळ्यात आपन आधीच्या गाडीची चाकोरी धरतो, काहून का तिथली माती दबून घट्ट झाली असते. रेतीत तसं नाही. चाक जेवढं फिरन तेवढं खाली जाते."

लहानपणी मामाच्या बैलगाडीत बसून मी हेच शिकले होते, चाकोरी सोडायची नाही. वाळवंटाचा फोटो मी वऱ्हाडाच्या डोळ्यांनी निवडला होता.

चाचांनी काचेवर बोट टेकवलं. "इथं पाह्य. खुना खोल झाल्या. अन् हे काय पडलं हाये?"

मी फोटो मोठा केला. खुणांमध्ये झुडपांच्या फांद्या होत्या, चिरडून चपट्या झालेल्या.

"चाकाखाली झुडपं घातले त्याईनं. हा गाडीवाला फसला होता. तुह्या पानावर पाहून लोकं इथंच गाडी घालतीन. लेकरंबाळं घेऊन."

मला लाज वाटली. आणि खरं सांगते, चाचांच्या पायाच पडावंसं वाटलं. तीन दिवसांत मला न दिसलेलं त्यांना दोन मिनिटांत दिसलं होतं.

मग त्यांनी बाकीचे फोटो पाहिले आणि एकावर थांबले. सरळ रस्ता, त्यावर अर्ध्यापर्यंत आलेली वाळू, कडेला पत्र्याची पाणपोई. "हा लाव. मानूस कुठं थांबन थे दिसते यात."

मी पुण्याला फोन लावला.

"इतका रुक्ष फोटो? बॅनरला मूड हवा हो," मॅडम म्हणाल्या. "जमत नसेल तर सांगा, मी दुसरीकडे देते."

अकरा रस्ते गेलेच असं वाटलं. तरी म्हटलं, "तुमच्या फोटोग्राफरला एवढंच विचारा, त्या दिवशी गाडी कुठे अडकली होती?"

अर्ध्या तासाने त्यांचाच फोन आला. आवाज बदलला होता. "दुपारभर अडकले होते तिथे. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. तोवर उन्हं कलली, उजेड छान होता, म्हणून त्याने जाता जाता फोटो काढला. तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्याकडे तपासणारे आहेत."

"कोण?"

"ट्रक चालवतात."

मग त्या म्हणाल्या, "पाणपोईचा लावा."

तो सुंदर फोटो आम्ही खाली छोटा करून टाकला आणि त्याखाली लिहिलं, 'रस्ता सोडून गाडी अशी वाळूत घालू नका.' अकरा रस्त्यांचं काम मला मिळालं. प्रत्येक बॅनर चाचा फेरीवरून परत येईपर्यंत थांबून राहायचा. पुढे पुढे तर मॅडम फोटो कसा आहे ते विचारायच्याच नाहीत. "चाचांनी बघितला का?" एवढंच विचारायच्या.

ऑफिस अजून अकोल्यातच आहे. फोटो निवडताना मी आधी जमीन बघते. आभाळ नंतर.