जिवंत मुलीचा दहावा

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे आठवायलाही वेळ लागतो. एका मुलीचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढं उभं राहतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे दुष्काळाचे दिवस होते आणि मी जामखेड भागात फौजदार होतो. दरोडे, खून, सगळं पाहून झालं होतं, त्यामुळे आता कशानं हादरेन असं मला वाटत नव्हतं.

खबर आणली ती गुरांच्या डॉक्टरांनी. जनावरं तपासत ते गावोगाव फिरत. एका सकाळी हजेरी आटोपून मी ठाण्याच्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा ते सायकल लावून आले. पाणी प्यायल्यावर त्यांनी सांगितलं, ते असं. एका बागायतदाराचा बैल पोटफुगीनं आजारी होता. त्याला नळी घालून ते गोठ्यात थांबले होते. गव्हाणीमागच्या फळीखाली वीतभर फट होती. तिथून एक हात बाहेर आला, गव्हाणीतली सरकी पेंड मुठीत घेतली आणि आत गेला.

"लहान मुलाचा हात होता, साहेब," ते म्हणाले. "मालकाला विचारलं, तर म्हणाला, मांजर असंल."

मी हवालदारांना आणि दोन पंचांना घेऊन जीपनं निघालो. घर खात्यापित्या शेतकऱ्याचं होतं. विहिरीला अजून पाणी होतं, दारात कडब्याची गंजी होती, बैल अंगानं भरलेले होते. गोठ्याच्या मागं सामान ठेवायची एक खोली होती. तिला बाहेरून कडी होती. कडी काढली, तेव्हा आत काहीच दिसेना. खिडकी नव्हती, झरोका नव्हता. हवालदारांनी बॅटरी मारली. पोत्यावर एक मुलगी बसलेली होती. दहाएक वर्षांची असावी, पण अंगापिंडानं सहा वर्षांच्या मुलीएवढी. उजेड पडताच तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती ओरडलीही नाही. मी पंचनामा सांगत होतो आणि माझाच आवाज मला परका वाटत होता.

घरमालक शांत होता. तो म्हणाला, "फिरस्ती पोर हाय, सायेब. दुष्काळात दाराशी आली. आमी भाकर दिली, जागा दिली."

बाहेरून कडी का, असं मी विचारलं.

"येडसर हाय. हिरीकडं पळती."

खोटं बोलणारा माणूस बहुधा विचारलं त्यापेक्षा जास्त सांगतो. हा मोजकंच बोलत होता आणि उत्तरं तयार होती. त्याची बायको चुलीपुढं बसून होती. परक्या पोरीलासुद्धा पोलीस घेऊन चालले, तर बायका निदान दारापर्यंत येतात. ही उठली नाही. मुलीला जीपमध्ये बसवेपर्यंत तिनं एकदाही मान वर केली नाही. ते मी मनात ठेवलं.

आमच्या ठाण्यात तेव्हा महिला पोलीस नव्हत्या. हवालदारांच्या पत्नींनी मुलीला पोलीस लाईनीत नेलं, न्हाऊ घातलं, आपल्या मुलीचे कपडे घातले. मुलगी विचारल्याला मान हलवायची, नाव मात्र सांगायची नाही. थोड्या वेळानं त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, कढत चहाची पितळी तिनं तशीच धरून ठेवली. हाताला फोड आला, पण तिला काही कळलंच नाही." शिवाय मुलीच्या दंडावर फिकट डाग होते. महारोगाचा संशय आम्हा दोघांनाही आला. त्या रोगाचं नावसुद्धा तेव्हा लोक घेत नसत.

पोलीस पाटलांना बोलावून त्या घराची माहिती घेतली. घराण्याला नाव होतं. थोरल्या मुलीचं लग्न मागच्या वर्षी मोठ्या ठिकाणी झालं होतं. धाकटी दोन वर्षांपूर्वी मामाच्या गावी तापानं वारली होती.

"लई वाईट झालं. पन दहावा मोठा घातला. सगळं गाव जेवलं," पाटील म्हणाले.

इथं मी थबकलो. आमच्याकडं एवढं लहान मूल गेलं, तर घरची चार माणसं नेऊन पुरतात आणि गप्प बसतात. गावजेवण कोण घालतं? सगळ्यांना ठाऊक व्हावं असं वाटणाराच घालतो. मी हवालदारांना मामाच्या गावी धाडलं. ते बीडच्या हद्दीला लागून होतं. मामानं सांगितलं, "पोरगी तर तिकडंच वारली. आमाला सांगावा आला, आन आमी दहाव्याला गेल्तो."

इकडच्या गावाला वाटत होतं ती तिकडं मेली आणि तिकडच्याला वाटत होतं ती इकडं मेली. तिला पुरताना कुणीच पाहिलं नव्हतं.

बापाला ठाण्यात बोलावून मी हे समोर ठेवलं. त्यानं शब्द बदलला नाही. माझी पोर मेली, ही माझी नव्हं, एवढंच तो म्हणत राहिला. मारहाणीचा मार्ग मला घ्यायचा नव्हता, आणि घेऊन उपयोगही नव्हता. मुलीला बालन्यायालयापुढं हजर करणं भाग होतं. आईबापांना तिथं हजर राहण्याची नोटीस बजावली.

नगरला रिमांड होमच्याच एका खोलीत हे न्यायालय भरे. पिंजरा नाही, पट्टेवाल्याचा पुकारा नाही, वकील नाहीत. पोलिसांनी वर्दीत यायचं नाही, असा दंडक होता. मी साधा सदरा घालून मागं बसलो. टेबलाशी मॅजिस्ट्रेट साहेब होते. त्यांच्याशेजारी एक पोक्त मानद मॅजिस्ट्रेट बाई होत्या आणि मुलांशी त्याच बोलत. पहिल्या सुनावणीत गुन्ह्याचा निकाल लागत नसतो. मूल कोण, कुणाचं आणि आज त्याला कुणाच्या हवाली करायचं, एवढंच ठरवायचं असतं. इथं पहिलाच प्रश्न अडला होता.

बापानं तेच सांगितलं. आईला विचारलं, तेव्हा तिनं पदर तोंडावर धरून मान हलवली. न्हाई.

मग बाईंनी मुलीला जवळ बोलावलं. समोर बसलेल्या दोघांना ओळखतेस का, असं विचारलं. मुलगी जमिनीकडे पाहत राहिली. बाईंनी प्रश्न बदलला. या दोघांना एक धाकटी मुलगी होती म्हणतात, ती तुला माहीत आहे का?

"ती मेली," मुलगी म्हणाली.

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"तुला कुणी सांगितलं?"

"दहावा झाला तिचा. गोठ्यात आवाज येत हुता. मला बी जेवान आलं हुतं."

मॅजिस्ट्रेट साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाजूला जबाब टिपून घेणारे प्रोबेशन ऑफिसर लिहायचे थांबले. मी अनेक प्रेतं पाहिली आहेत, पण जिवंत मूल स्वतःच्या मरणाची साक्ष देतंय, हे त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी थोड्या वेळानं आदेश सांगायला सुरुवात केली. मुलीला पालक आढळत नसल्यानं तिला आजपासून न्यायालयाच्या ताब्यात घेऊन रिमांड होममध्ये ठेवावं, वैद्यकीय तपासणी व्हावी. वाक्य पुरं होण्याआधी आई उभी राहिली. रडत नव्हती.

"तिला अंधारात ठिवू नका, बाई," ती म्हणाली. "ती लई भिती अंधाराला. लहानपनापास्नं."

ज्या खोलीचा मी पंचनामा केला होता, ती मला आठवली. दोन वर्षं तिथं कोंडलेल्या मुलीची आई हे सांगत होती. तिला हे सुरुवातीपासून ठाऊक होतं.

बाईंनी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

तिनं मुलीचं नाव सांगितलं. मग ती खाली बसली. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो मॅजिस्ट्रेट साहेबांना म्हणाला, "थोरलीची सोयरीक जुळत आली हुती. हिच्या अंगावर डाग उठले. पाव्हन्यांना कळलं असतं, तर थोरली जन्माची घरात राहिली असती. एकीपायी दुसरी कशी बुडवू?"

हा हिशेब तो दोन वर्षं स्वतःला समजावत आला असणार. बोलताना त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि याचाच मला सगळ्यांत मोठा धक्का बसला. तो दारुडा नव्हता, क्रूर म्हणून ओळखला जात नव्हता. गावात भांडणं मिटवायला लोक त्याला बोलवत.

सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. रोग होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणली असती तर बोटं वाचली असती. आताही गोळ्यांनी रोग बरा होईल, दोन बोटं मात्र वाकडीच राहतील. न्यायालयानं तिला उपचारांसाठी कुष्ठरोग्यांच्या दवाखान्याच्या वसतिगृहात पाठवलं. बापावर बाल अधिनियमाखाली खटला झाला आणि शिक्षा झाली. आईविरुद्धही कागद गेले होते. तिला ताकीद देऊन सोडलं.

पुढच्या तारखेला आईला मुलीशी बोलायची परवानगी मिळाली. मी दारातच होतो. आईनं आणलेला लाडू मुलीनं घेतला नाही. तिनं एवढंच विचारलं, "म्या जित्ती हाय, हे गावात सांगितलंस का?"

आईनं लाडू पुन्हा पदरात बांधला.

पुढं काय झालं, ते पोलीस पाटलांनी ठाण्यात येऊन सांगितलं. बाजारच्या दिवशी ती बाई मारुतीच्या पाराजवळ गेली. पारावर माणसं बसलेली होती. जिनं कधी पुरुषांसमोर आवाज चढवला नव्हता, ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझी पोर जित्ती हाय. तिच्या दहाव्याला जेवलेल्यांनी ऐकून ठिवा." मग सासरी न परतता ती भावाकडं गेली. दर महिन्याला मुलीला भेटायला जात राहिली. मुलगी पुष्कळ दिवस तिच्याशी बोलली नाही. पुढं बोलू लागली. बरी झाल्यावर तिथंच शिवणकाम शिकली आणि इतर मुलींना शिकवू लागली. घरी मात्र गेली नाही.

या प्रकरणानं माझी एक समजूत मोडली. मुलाची अशी हेळसांड होते ती गरिबीत किंवा दारूच्या घरात, असं मी धरून चाललो होतो. तिथं भरलेली गव्हाण होती, शेजार होता, नातीगोती होती. कुणीही खोटं पचवायची सक्ती केली नव्हती. पंगत वाढली, लोक जेवले आणि विचारायचं राहून गेलं. त्यानंतर माझ्या हद्दीत कुठलंही मूल वारल्याचं कळलं, की मी हळूच एक प्रश्न विचारत असे: त्याला शेवटचं कुणी पाहिलं? लोकांना माझा राग यायचा. दुःखाच्या घरात हा काय प्रश्न, असं तोंडावर म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो, आणि तरी विचारायचो.